राहिलेल्यांची यादी : सेवा क्लबांच्या संयुक्त सभेच्या प्रकल्प नोंदी

३ जुलै

रोटरी, लायन्स आणि महिलांचं इनरव्हील या तिन्ही सेवा क्लबांचं वर्ष १ जुलैला सुरू होतं. नवे अध्यक्ष, नवे सचिव, नवी डायरी. पदग्रहणं आटोपली की वर्षाचे उपक्रम ठरतात, आणि एकदा ते प्रांतपालांना, म्हणजे त्या भागातल्या सगळ्या क्लबांच्या प्रमुखांना, कळवले की त्यात फेरफार करायला कुणी राजी नसतं. म्हणून संयुक्त सभा घ्यायची तर ऑगस्टच्या सुरुवातीलाच. वर्षाअखेरीस घेतलेल्या सभेत झालेल्या कामांची उजळणी होते, ऐकणाऱ्याला करण्यासारखं काही उरत नाही.

समन्वय माझ्याकडे आहे. बोलावणं या तिन्हींच्या स्थानिक क्लबांना, जेसीज आणि राउंड टेबल या आणखी दोन सेवा संघटनांना आणि तरुणांच्या रोटरॅक्ट व लिओ क्लबांना. हेतू एका वाक्यात लिहून ठेवते, म्हणजे पुढे वाट चुकायला नको : प्रत्येक क्लबने आपलं राहिलेलं काम घेऊन यावं.

८ जुलै

अध्यक्षांच्या भेटी सुरू. सगळे हो म्हणतात, पण होकारामागे धाकधूक आहे. आमची कल्पना दुसऱ्याने उचलली तर? वर्षाअखेरच्या पुरस्कारांसाठी उपक्रम क्लबच्या नावावर मोजले जातात, मग एकत्र केलेलं काम कुणाच्या नावावर? आणि जरा हळू आवाजात : आमचे सदस्य तिकडे गेले तर?

पहिल्या शंकेला माझं उत्तर सरळ आहे. नेत्रतपासणी शिबिराची कल्पना दुसऱ्याने उचलली तर आणखी लोकांचे डोळे तपासले जातील, यात वाईट काय? दुसरी शंका मात्र खरी आहे. त्यावर तोडगा असा सुचवला की सगळ्या सहभागी क्लबांनी काम आपापल्या अहवालात घ्यावं, फक्त कुणी नेमकं काय केलं ते लिहावं. बहुतेकांना पटलं. तिसऱ्या शंकेवर मी बोलले नाही, पण ज्याला मनापासून काम करायला मिळतं तो माणूस क्लब सोडून जात नाही असाच माझा अनुभव आहे.

एका ज्येष्ठ अध्यक्षांनी विचारलं, "असं एकत्र बसून कधी काही निष्पन्न झालंय का?" त्यांना शिकागोची गोष्ट सांगितली. रोटरीचा पहिला क्लब तिथे २३ फेब्रुवारी १९०५ ला पॉल हॅरिस यांनी तिघा सोबत्यांसह सुरू केला. त्यांचं पहिलं लोकोपयोगी काम म्हणजे सार्वजनिक स्वच्छतागृह. १९०७ मध्ये त्यांनी हा विषय हाती घेतला तेव्हा क्लब जेमतेम दोन वर्षांचा होता, एकट्याच्या बळावर महापालिका हलणार नव्हती. त्यांनी शहरातल्या इतर नागरी संस्थांना सोबत घेतलं. विरोध झाला तो बिअर बनवणाऱ्यांच्या संघटनेकडून आणि बड्या दुकानदारांकडून. स्वच्छतागृहाच्या गरजेपोटी माणसं त्यांच्याकडे येत आणि आली की काहीतरी घेऊन जात, ते कोण सोडेल? अशा विरोधापुढे एक लहान क्लब टिकला नसता. ज्येष्ठ अध्यक्ष ऐकून म्हणाले, "बरं, आमची दोन माणसं येतील." मी तिघांची नावं मागून घेतली.

१३ जुलै

नोंदणीचा फॉर्म तयार. एकच पान. अशा फॉर्मात पहिला रकाना हमखास 'लाभार्थी संख्या' असतो, तो काढून टाकला. त्याऐवजी विचारलंय : हे काम कुणी मागितलं होतं? आज ते कुणाच्या ताब्यात आहे आणि कोण चालवतं? कोण राहून गेलं? पुढे कशापायी अडलंय? तुमच्याकडे असं काय आहे जे दुसऱ्या क्लबला वापरता येईल?

'कोण राहून गेलं' हा प्रश्न मला पोलिओच्या कामावरून सुचला. रोटरीने १९७९ मध्ये फिलिपिन्समधल्या मुलांना डोस देण्यापासून सुरुवात केली, १९८५ मध्ये पोलिओप्लस हा आपला पोलिओविरोधी कार्यक्रम हाती घेतला, आणि १९८८ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि अमेरिकेचं सीडीसी हे रोगनियंत्रण केंद्र यांच्यासह जागतिक मोहीम उभी राहिली. त्या वर्षी १२५ देशांत पोलिओ ठाण मांडून होता आणि साडेतीन लाखांच्या आसपास मुलांना तो लुळं करत होता. आज वाइल्ड, म्हणजे निसर्गात आढळणाऱ्या, पोलिओ विषाणूचे रुग्ण ९९ टक्क्यांहून जास्त घटले आहेत. एवढ्या मोठ्या कामात मला सर्वांत मोलाची वाटते ती घरावरची खडूची खूण. डोस पाजणारी माणसं दारोदार जाताना घरावर खूण करत. कुठलं मूल गावाला गेलंय, कुठे नकार मिळालाय, ते त्या खुणेवरून कळे, आणि मग त्याच दारावर पुन्हा कुणीतरी जाई. कोट्यवधी मुलांना डोस दिल्याचा आकडा खराच, पण राहिलेल्या मुलांची यादी नसती तर विषाणू नेमका त्यांच्यात टिकून राहिला असता.

आपल्या शिबिरांना अशी यादी बहुधा नसते. मोतीबिंदू निघालेल्या माणसाला चिठ्ठी दिली की आपण त्याला मोजून मोकळे होतो. तो शस्त्रक्रियेला पोचला का, आणि महिना-दीड महिन्याने नंबर काढून त्याला चष्मा मिळाला का, ही पुढची साखळी कुणाच्याच अहवालात सापडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९ चा दृष्टीविषयक अहवाल म्हणतो की जगात किमान २२० कोटी लोकांना दृष्टिदोष आहे आणि त्यांतल्या किमान १०० कोटींचा टाळता आला असता किंवा त्यावर अजून उपचार व्हायचे आहेत. ही माणसं शिबिरांच्या बाहेरच राहिलेली असतात असं नाही. शिबिरात येऊन गेलेलीही त्यांत असणार.

१९ जुलै

रोटरॅक्ट आणि लिओच्या मुलामुलींनी नकाशाचं काम घेतलं. मागच्या काही वर्षांत क्लबांनी उभारलेली, दिलेली, लावलेली प्रत्येक गोष्ट नकाशावर टाकायची आणि प्रत्यक्ष जाऊन पाहायची. हिरवी खूण म्हणजे चालू, पिवळी म्हणजे अडलेलं, लाल म्हणजे बंद. एक नियम मी घालून दिला : लाल खुणेखाली कुठल्या क्लबचं काम ते लिहायचं नाही. कुणाची शोभा करण्यासाठी ही पाहणी नाही, आणि तसा वास आला तर पुढच्या सभेला कुणी फिरकणार नाही.

पहिल्या फेरीची माहिती आली. ती सविस्तर लिहून ठेवावी अशीच आहे.

एका शाळेतलं पाणी शुद्ध करणारं यंत्र चालू आहे, दिवाही लागतो, म्हणून शाळा निर्धास्त. पण त्यातला यूव्ही (अतिनील किरणांचा) दिवा साधारण वर्षभर वापरला की जंतू मारण्याची त्याची ताकद घटते. उजेड मात्र दिसत राहतो. दिवा कधी बदलला ते कुठेच लिहिलेलं नाही. हे यंत्र हिरवं की पिवळं यावर मुलांची बराच वेळ चर्चा झाली. त्यांनी पिवळं ठरवलं. मला त्यांचं हे काटेकोरपण फार आवडलं.

एका घरी व्हीलचेअर भिंतीला टेकवून ठेवलेली सापडली. बाईंना बसायला ती रुंद पडते, आणि दारातून बाहेर निघत नाही. बाहेर निघाली तरी तीन पायऱ्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या मार्गदर्शक सूचनांत व्हीलचेअर देण्याचे आठ टप्पे सांगितले आहेत. खुर्ची मागवणं हा त्यांतला फक्त एक. माणसाची तपासणी, मापं, खुर्ची बसवून पाहणं, वापरायला शिकवणं आणि नंतरची दुरुस्ती हे सगळं त्यात येतं. आपण खुर्च्या एका रांगेत मांडतो, फोटो काढतो आणि एकाच मापाची खुर्ची सगळ्यांना देतो. हे थांबायला हवं, असं सभेत उघडपणे म्हणणार आहे.

वृक्षारोपणाच्या जागी खड्डे दिसतात, रोपं तुरळक. एका जागी मात्र जवळजवळ सगळी जगली आहेत. मुलांनी कारण शोधलं : शेजारच्या वस्तीतल्या निवृत्त लोकांच्या गटाने पाण्याच्या पाळ्या लावून घेतल्या आहेत. हिरव्या खुणा जिथे जिथे आहेत तिथे असं कुणीतरी आहे. कधी शाळेचा शिपाई, कधी ग्रंथालयातल्या ताई. क्लबने वस्तू दिली आणि त्या माणसाने ती आपली मानली. या माणसांनाही सभेला बोलवायचं ठरवलं, त्यांच्यासाठी खुर्च्या मागच्या रांगेत नाही, टेबलांशीच.

२५ जुलै

कार्यक्रमपत्रिका नक्की केली. व्यासपीठ नाही, प्रमुख पाहुणे नाहीत, अध्यक्षांचा परिचय नाही. बसायचं ते क्लबनुसार नाही, विषयानुसार : दृष्टी आणि मधुमेह, रक्त, पाणी, शाळा, सहाय्यक साधनं. प्रत्येक टेबलाला एक टिपण घेणारा, तो तरुण क्लबांतला. व्यासपीठ नाही यावरून थोडी नाराजी झाली, निभावलं.

२ ऑगस्ट

सभा झाली. आठवणीतून काही निसटू नये म्हणून रात्रीच लिहिते आहे.

सर्वांत जास्त काम रक्ताच्या टेबलावर झालं. १४ जून हा जागतिक रक्तदाता दिन, रक्तगट शोधणाऱ्या कार्ल लँडस्टायनर यांचा जन्मदिवस. त्या दिवशी आणि क्लबच्या वर्धापनदिनाला शिबिर घेण्याकडे सगळ्यांचाच कल. रक्तपेढीतल्या तंत्रज्ञांनी समजावून सांगितलं, आणि टेबल गप्प झालं. तांबड्या पेशी थंडाव्यात ३५ ते ४२ दिवस टिकतात. प्लेटलेट्स, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या पेशी, जेमतेम ५ दिवस. आणि एकदा रक्त दिलं की पुरुषाला पुढचे तीन आणि बाईला चार महिने पुन्हा देता येत नाही. म्हणजे एकाच आठवड्यात सगळ्यांनी शिबिरं घेतली की त्या आठवड्यात पेढी तुडुंब, काही पिशव्या मुदत संपून वाया, आणि महिन्या-दोन महिन्यांनी टंचाई आली की हक्काचे दातेच उपलब्ध नाहीत. प्रत्येक क्लबचं शिबिर आपापल्या जागी उत्तम होतं. सगळ्यांची मिळून मात्र रुग्णांची अडचण होत होती, आणि एकत्र बसल्याखेरीज ती कुणाला दिसणं शक्य नव्हतं. तिथल्या तिथे बारा महिन्यांचा तक्ता मांडला. वर्धापनदिनाची तारीख सोडायला एक क्लब आधी तयार नव्हता. त्यांच्या सचिवांनी तंत्रज्ञांना विचारलं, "सगळ्यात कठीण महिना कुठला जातो?" सुट्ट्यांचा, असं उत्तर आलं. "मग तो आम्हाला द्या," एवढं म्हणून त्यांनी आपलं नाव त्या महिन्यासमोर लिहिलं. मनापासून सांगते, आजच्या सभेत मला सर्वांत आनंद झाला तो या वाक्याने.

दृष्टीच्या टेबलावर लायन्सची मंडळी जुनी जाणती. ३० जून १९२५ ला ओहायोतल्या सीडर पॉइंटच्या अधिवेशनात हेलन केलर यांनी लायन्सना अंधत्वाविरुद्धच्या लढाईत उतरण्याचं आवाहन केलं, तेव्हापासून हे काम त्यांच्या अंगी मुरलेलं. त्यांच्याकडे तपासणीची साधनं आहेत, नेत्रतज्ज्ञ आहेत. दुसऱ्या एका क्लबकडे मधुमेह तपासणीची शिबिरं आहेत, आणि त्यांत साखर वाढलेली निघालेली माणसं. मधुमेहात डोळ्याच्या पडद्याला इजा होते ती सुरुवातीला जाणवतच नाही. म्हणून तक्रार नसली तरी वर्षातून एकदा पडदा तपासावा लागतो. म्हणजे मधुमेहाच्या यादीतली माणसं लायन्सच्या तपासणीच्या खुर्चीत बसायला हवीत. दोन्ही क्लब वर्षानुवर्षं एकाच भागात काम करतात आणि ही देवाणघेवाण आज पहिल्यांदा बोलली गेली.

इथे इनरव्हीलच्या एका सदस्येने योग्य वेळी अडवलं. रुग्णांची यादी एका क्लबने दुसऱ्याला परस्पर द्यायची का? त्या माणसाला विचारलंय का? तिचं म्हणणं सगळ्यांनी मानलं. शिबिराच्या फॉर्मवर संमतीची ओळ येईल, आणि संमती दिलेल्याचं नाव-नंबर फक्त रुग्णालयाच्या समन्वयकाकडे जाईल. क्लबांकडे आकडे राहतील, नावं नाहीत.

पाण्याच्या टेबलावर यूव्ही दिव्याची गोष्ट सांगितल्यावर निम्म्या लोकांनी आपापल्या यंत्रांबद्दल फोन लावायला घेतले. ठरलं ते साधं : प्रत्येक यंत्रावर दिवा आणि कार्ट्रिज (पाणी गाळणारा बदलता भाग) बदलल्याची तारीख, पुढची तारीख. सुटे भाग सगळ्यांनी मिळून मागवायचे.

शाळेचं टेबल जमलं नाही. बोलणं बाकं आणि दप्तरं यांच्यातच फिरत राहिलं. एका शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या होत्या. त्या शेवटी म्हणाल्या, "बाकं पुष्कळ आलीत. मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी नाही." तोवर वेळ संपली होती. हा विषय पुन्हा घ्यायचा, आणि सुरुवात त्यांच्या बोलण्याने करायची.

४ ऑगस्ट

पैशांबद्दल खजिनदारांची बैठक. एकत्र खातं काढायचं नाही, यावर एकमत. प्रत्येक कामाला एक प्रमुख क्लब, हिशेब त्याच्याकडे, इतरांचा वाटा लेखी. मोठ्या निधीचा विषय निघाला. रोटरी फाउंडेशन या रोटरीच्या निधीची कल्पना तेव्हाचे अध्यक्ष आर्च क्लम्फ यांनी १९१७ मध्ये मांडली. लायन्सचं आंतरराष्ट्रीय फाउंडेशन १९६८ चं. रोटरीच्या ग्लोबल ग्रँटसाठी, म्हणजे मोठ्या कामांच्या अनुदानासाठी, आधी समाजाच्या गरजांची पाहणी दाखवावी लागते आणि दुसऱ्या देशातला भागीदार क्लब लागतो. आपल्या नकाशाने त्या पाहणीचं निम्मं काम केलेलंच आहे.

मग फलकाचा विषय. कुणाचं चिन्ह वर, कुणाचं किती मोठं. यावर तासभर जाईल अशी धास्ती होती. राउंड टेबलच्या एका तरुण सदस्याने कागदावर फलक रेखाटून दाखवला : सगळ्यात मोठ्या अक्षरांत 'बिघाड झाल्यास इथे कळवा' आणि देखभाल करणाऱ्याचा नंबर, त्याखाली पुढच्या तपासणीची तारीख, आणि तळाला सगळी चिन्हं एका मापाची. विषय तिथेच संपला. यापुढचे सगळे फलक असेच.

१८ ऑगस्ट

रक्ताचा तक्ता रक्तपेढीने तपासून थोडा बदलला, सगळ्यांना पाठवला. संमतीच्या ओळीसह नवा फॉर्म छापला. यंत्रांवर तारखा लागायला सुरुवात.

व्हीलचेअरवाल्या बाईंच्या घरी जेसीजचे एक बांधकाम अभियंते जाऊन आले. उतार १ ला १२ या प्रमाणात ठेवायचा, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी हवी, आणि अंगणात तेवढी सरळ जागा नाही. वळण घेऊन मधे सपाट टप्पा ठेवला तर बसतो. त्यांनी रेखाटन केलंय. दार रुंद करायला घरमालकांची परवानगी लागेल, त्यांच्याशी बोलायला क्लबच्या वकील सदस्या जातील. खुर्ची मात्र आधी मापाची हवी. त्यासाठी फिजिओथेरपिस्ट शोधणं चालू आहे.

६ सप्टेंबर

शाळेचं टेबल पुन्हा बसवलं, या वेळी शाळेतच. इनरव्हीलच्या सदस्यांनी मोठ्या वर्गांतल्या मुलींशी स्वतंत्र बोलून घेतलं, पुरुष कुणीही नसताना. मुलींनी मागितलं ते असं : आतून लागणारी कडी, पाणी, साबण, झाकणाची कचरापेटी, आणि ती रोज कुणीतरी रिकामी करेल याची खात्री. बाकांबद्दल एक अक्षर नाही. यातली सर्वांत अवघड गोष्ट शेवटची आहे, कारण तिला वर्षभर रोज माणूस लागतो आणि तिचं उद्घाटन होत नाही. एका क्लबने बाकांसाठी राखलेला निधी याकडे वळवला. त्यांच्या कार्यकारिणीत त्यावरून बरीच भवति न भवति झाली असं ऐकलं, तरी त्यांनी ते केलं, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

१५ ऑक्टोबरला जागतिक हात धुणे दिन आहे. तोपर्यंत नळ आणि साबण सुरू व्हायला हवेत, असं मुख्याध्यापिकांनी सुचवलं. तारीख धरून चाललोय.

२० सप्टेंबर

मधुमेहाच्या यादीतली पहिली काही माणसं पडदा तपासून आली. काहींना लगेच उपचार सुचवलेत. जी आली नाहीत त्यांना दोन्ही क्लबांचे स्वयंसेवक मिळून घरी भेटणार आहेत. कामावरची रजा, सोबतीला माणूस नसणं, भीती, यांपैकी कारण काय ते विचारून लिहायचं.

पुढची सभा जानेवारीत, यजमान इनरव्हील. तोवर पुढच्या वर्षीचे अध्यक्ष ठरलेले असतील, त्यांनाही बोलवायचं. जुलैत अध्यक्ष बदलतात तेव्हा नकाशा, तक्ता आणि अडलेल्या कामांची यादी मावळत्या सचिवांनी नव्या सचिवांच्या हाती द्यायची आणि दोघांनी सही करायची, असा ठराव सगळ्या क्लबांकडे पाठवला आहे. दोन क्लबांचं उत्तर यायचं आहे.

बाकी : लाल खुणांच्या जागी दुसरी पाहणी. वृक्षारोपणासाठी पाणी घालायच्या पाळ्या आधी आणि रोपं नंतर, हे पर्यावरणाचं काम पाहणाऱ्यांना कळवायचं. फिजिओथेरपिस्ट मिळाल्या, सोमवारी सकाळी त्या बाईंच्या घरी येतील. मापाचे फॉर्म आणि पट्टी रोटरॅक्टकडे, अभियंत्यांनीही त्याच वेळी यावं असं सांगितलंय.